डावी बाजू

कप टेबलावर ठेवला असं सुलेमानला वाटलं, आणि तो खाली पडून फुटला. गिरगावातलं इराण्याचं हॉटेल, भर दुपारची वेळ. टेबल तिथं संपत होतं आणि ते संपल्याचं त्याला दिसलं नव्हतं, एवढंच. उरलेला चहा पायजम्यावर उडाला. गल्ल्यावरचा इराणी मान वर करून म्हणाला, "अंधा है क्या मियाँ?" आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज म्हणायचं वाक्य, ते त्यानं म्हटलं. पण सुलेमान जागचा हलला नाही. कुणीतरी फडक्यानं पायाशी पुसून गेलं. मग, डोळ्यात कचरा गेल्यावर माणूस करतो तसं करून, त्यानं तळहातानं डावा डोळा झाकला. काहीच बदललं नाही. आरसे, खुर्च्या, दारातलं ऊन, बाहेरून जाणारी ट्राम, सगळं होतं तसंच राहिलं. त्यानं हात काढला आणि उजव्या डोळ्यावर ठेवला. हॉटेल विझलं. काळोख झाला असंही नाही. भाताच्या पेजेसारखं पांढुरकं, दाट असं काहीतरी समोर आलं आणि त्यात हालचाल नव्हती. त्यानं घाईनं हात खाली घेतला. आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना, हे पाहायला तो उजवीकडे बघत राहिला. आणि डावीकडून कुणी पाहत असेल तर ते आपल्याला कळणारच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

मुंबईला तो आला होता मोटारीचा एक सुटा भाग न्यायला. रविवारी घाटाची शर्यत होती. खोपोलीच्या आबाजी गुप्त्यांची भाताची गिरण होती, पेट्रोलची टाकी होती, खोपोली ते पेण अशी उतारूंची मोटर होती आणि शिवाय एक हिरवी, उघडी, दोन माणसांची मोटर होती, जिच्यावर त्यांचा जीव होता. मुंबईच्या साहेबलोकांच्या मोटर-क्लबानं एकदा त्यांना पायरीवरूनच परत पाठवलं होतं. त्या रागात आबाजींनी खोपोलीला आपलं मोटर मंडळ काढलं. पनवेलचे, पेणचे, कर्जतचे गाडीवाले त्यात आले. मालकही आले आणि ड्रायव्हरही आले, आणि वर्षातून एकदा, रस्ते वाळले की, ते घाट चढायची शर्यत लावू लागले. एका वेळी एक गाडी. खाली खोपोलीला एक घड्याळ, वर नाक्याला एक घड्याळ. गाडीत दोघं पाहिजेत असा नियम होता: एक चालवणारा आणि एक तोल सांभाळणारा. वळणावर गाडी ज्या अंगाला उचलते त्या अंगाला झुकून आपलं वजन टाकायचं, हे त्या दुसऱ्याचं काम. मंडळात त्याला तोल्या म्हणत. हिरवी मोटर पहिल्या वर्षापासून सुलेमान चालवत होता आणि त्याच्या डाव्या अंगाला पहिल्या वर्षापासून गोमा बसत होता.

परतीच्या गाडीत त्यानं तो भाग मांडीवर धरला होता आणि मनानं तो मागे मागे जात होता. कधीपासून? माणसाचा हात तुटला तर त्याला दिवस सांगता येतो. पाय मोडला तर जागा दाखवता येते. आपल्या अर्ध्या जगाला कुणी हळूहळू चुना लावत होतं आणि आपल्याला त्याचा वासही आला नाही. चुन्यावरून त्याला हवाबी आठवली. हवाबी, त्याची बायको, गेल्या पावसाळ्यापासून एकच कुरकूर करत होती: "तुमी भितीला घासून का चालता वो? सदऱ्याचा डावा खांदा बघा, रोज चुना. धुऊन धुऊन माझे हात गेले." आणि तो चिडायचा. बोळ अरुंद आहे म्हणायचा, भिंत पुढे आलीय म्हणायचा. एकदा तर त्यानं ताट ढकललं होतं. बोळ लहानपणापासून तेवढाच होता. मग सावरोलीच्या पुलाशी मैलाचा दगड मडगार्डला लागला होता तो दिवस. दगड पुढं सरकवलाय सरकारनं, असं तो उतारूंना म्हणाला होता आणि उतारू हसले होते. तोही हसला होता. गोमा हसला होता का? ते त्याला आठवेना. तो जितका आठवायला गेला तितकं त्याच्या लक्षात यायला लागलं की गेल्या कितीतरी दिवसांत गोमाचा चेहराच त्याला आठवत नव्हता. आवाज आठवत होता. बिडीचा वास आठवत होता. वळणावर गोमा बाहेर झुकला की सीटवरचं वजन हलकं व्हायचं, ते मांडीला आठवत होतं. चेहरा जुना होता. पहिल्या-दुसऱ्या वर्षीचा, काळ्याभोर केसांचा.

गोमा घाटाखालच्या ठाकरवाडीतला. रस्त्याच्या कामाला खडी वाहायला आला होता, तेव्हा दरडीवरून खाली येताना सुलेमाननं त्याला पाहिलं होतं. दगड पायाखालून निसटला तरी हा माणूस पडत नव्हता, निसटणाऱ्या दगडाबरोबरच तो वळत होता. सुलेमाननं आबाजींना सांगून त्याला पेणच्या मोटरीवर क्लीनर म्हणून घेतला आणि शर्यतीला शेजारी बसवला. वर्षानुवर्षं दोघं रोज एका बाकावर बसले. गोमा बोलत नसे. विचारलं तर हं, नाहीतर तेही नाही. सुलेमानला बोलायची हौस. त्यानं गोमाला आपला बाप सांगितला, रेवदंड्याचं घर सांगितलं, मूल जगलं नाही ते सांगितलं, आणि गोमा रस्त्याकडे बघत राहिला. आणि मग गेल्या हिवाळ्यापासून, कुणास ठाऊक कसा, गोमा बोलायला लागला. "भाई, ह्यो बघ पळस. औंदा लवकर फुलला." "भाई, कठड्याचं दगड काढलं रं कुणी हितलं." "म्हस हाय बघ, पांढऱ्या पायाची." साधंच, पण वाटभर. सुलेमानला इतका आनंद झाला होता की घरी येऊन त्यानं हवाबीला सांगितलं, "गोमाला आता वाचा फुटली. इतकी वर्सं लागली बघ मानूस जवळ यायला." रोज सकाळी गाडीला हँडल मारताना त्याला त्या बोलण्याची ओढ वाटायची. चाळिशी उलटल्यावर कुणी नव्यानं मित्र होतो, हे काही थोडं नव्हतं.

रविवारपर्यंतचे दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. सकाळ झाली की आज आबाजींना सांगायचं असं तो ठरवी. गिरणीपर्यंत जाई. गिरणीत भुसा उडत असे, पट्टा खडखडत असे आणि आबाजी त्या आवाजावरून ओरडून विचारत, "काय रे, गाडी तयार?" तो ओरडे, "तयार!" एवढ्या मोठ्यानं ओरडून दुसरं काही सांगता येत नव्हतं. पुण्याच्या कुणा इनामदाराची नवी मोटर यंदा येणार होती. तिचा सगळ्या बाजारात बोलबाला होता. न्हाव्याच्या दुकानात, मशिदीच्या पायरीवर लोक त्याला अडवत. "पुण्याला हरवायचं हां सुलेमानभाई." तो हसे. एक डोळा आहे की, असंही त्याच्या मनात येई. घाट आपल्याला पाठ आहे. डोळे मिटून चढेन, असं आपण किती वेळा म्हणालो. एकदा चढू आणि मग सांगू. मग लायसन जाईल, मोटर जाईल, मग हवाबीच्या भावाकडे पेणला सुक्या मासळीच्या वखारीत बसायचं. वखारीचा वास नाकाशी आला की त्याला गाडीतून खाली उतरताना पायरी न सापडल्यासारखं होई. आणि या सगळ्या विचारांच्या तळाशी आणखी एक विचार होता, ज्याच्याकडे तो बघत नव्हता: गाडी चुकली तर ती डावीकडे चुकणार, आणि डावीकडे गोमा असणार.

शनिवारी संध्याकाळी हवाबीनं भाकरी थापता थापता मध्येच विचारलं, "तुमाला दिसतंय ना नीट?"

"कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगायला पायजे? मी पान्याचा तांब्या डावीकडं ठेवला. तुमी मगाधरनं पानी मागताय."

तांब्या शोधायला त्यानं मान वळवली नाही. हवाबीनं पिठाच्या हातानंच तांब्या उचलून उजवीकडे ठेवला आणि परत भाकरी थापायला लागली. पण थापण्याचा आवाज आता पहिल्यासारखा नव्हता. मग ती म्हणाली, "गोमाला तरी सांगा."

"सांगतो," तो म्हणाला.

रविवारी सकाळी खोपोलीच्या तळ्याकाठी गाड्या उभ्या राहिल्या. पताका होत्या, बँड होता, पॉवर हाऊसचे बाबू बायकामुलांना घेऊन आले होते, वाड्यांवरचे लोक दरडींवर चढून बसले होते. गोमा आला तेव्हा सुलेमान बॉनेटवर वाकला होता. "गोमा," तो म्हणाला. "काय रं भाई?" गोमा डावीकडे उभा होता. सुलेमाननं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आबाजी आले, दोघांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पुण्याची गाडी बघितलीस? नुसती चकाकते. रस्ता माहीत नाही तिला." लोक हसले. गोमा जाऊन आपल्या जागी बसला. सुलेमान स्टिअरिंगच्या चाकाशी बसला. निशाण पडलं.

पहिल्या चढावर त्याला बरं वाटलं. गाडी गळा साफ केल्यासारखी खाकरली आणि मग एका सुरात चालू लागली. पायाखालून तिची थरथर वर आली, हातात आली, दातांत आली. असं असलं की त्याला वय नसे. रस्त्याचा उजवा काठ धारदार दिसत होता, झाडं, दरडीवरची माणसं, एका बाईचं लाल लुगडं. डावीकडे काही नव्हतं. म्हणजे डावीकडे गोमाचा आवाज होता. इंजिनावरून तो ओरडत होता: "दरड!" मग, "कठडा!" मग, "कठडा सरला, गवात हाय!" शिंगरोबाच्या देवळाशी सुलेमाननं सवयीनं कपाळाला हात नेला आणि त्याच क्षणी गोमा ओरडला, "दगुड, पांढरा दगुड, भाई!" आणि सुलेमानच्या हातांनी चाक उजवीकडे घेतलं. हातांनी घेतलं, त्यानं नाही. आवाज आला आणि हात वळले, विचाराला मध्ये यायला जागाच नव्हती. पुढच्या वळणापर्यंतच्या त्या सरळ तुकड्यात त्याला कळायला लागलं. पळस कुठल्या बाजूला होता? डाव्या. कठड्याचे दगड कुणी काढले होते? डाव्या अंगाचे. म्हैस, वाटेतली बैलगाडी, मोरीवर बसलेली पोरं, उन्हात वाळत घातलेलं भात. वर्षभर वाटेवर गोमानं दाखवलेली एकूण एक वस्तू त्याच्यासमोर ओळीनं येऊन उभी राहिली, आणि त्यातली एकही उजवीकडची नव्हती.

चालत्या गाडीत, चढावर, त्यानं करू नये ते केलं. मान पूर्ण डावीकडे फिरवली. गोमा रस्त्याकडे बघत नव्हता. तो सुलेमानच्या डोळ्याकडे बघत होता. त्याचे केस पांढरे झाले होते. एका हातानं त्यानं दार धरलं होतं, दुसऱ्या हातानं सीट, आणि त्याचा जबडा वासलेला होता, पुढचा शब्द तयार ठेवून. एवढी भीती सुलेमाननं माणसाच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. पाण्यात बुडणाऱ्या माणसाची भीती वेगळी असते. ती एकदाच येते. ही रोज येऊन तिथं राहायला लागली होती. तिनं गालांत खळगे पाडले होते.

"म्होरं बघ!" गोमा किंचाळला.

सुलेमाननं पाय उचलला. गाडी वळणाच्या अलीकडे, दरडीच्या अंगाला जाऊन थांबली. त्यानं इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. खाली दूर बँड वाजत होता, तोही मग थांबला. वरच्या दरडीवरचे लोक उठून उभे राहिले.

"कवापासून ठावं हाय तुला?" सुलेमाननं विचारलं.

"होळीच्या आदुगरपासनं. तुला बिडी दिली. तू हात फुडं केलास, तो बिडीला लागंना."

"बोलला नाहीस."

"काय बोलू? तू आयकला असतास? मला उतरावला असतास गाडीखाली, दुसरा कुनी घेतला असतास. त्याला ठावं नसतं. आन माघं मानसं बसत्यात, बाया, पोरं." तो थांबला. "घरात ठमी म्हनते, जाऊ नको. रोज सकाळी म्हनते. मी म्हनतो, आजच्या दिस जातो."

"मला वाटलं," सुलेमान म्हणाला, आणि पुढचं म्हणायची त्याला लाज वाटली. पण न म्हणता राहवेना. "मला वाटलं, तुला माझ्याशी बोलावंसं वाटायला लागलं."

गोमानं दार धरलेला हात सोडला. मग हळू म्हणाला, "बोलायला मला आवडत नाय, भाई."

त्यानं दार उघडलं. जमिनीवर पाय टेकल्यावर तो क्षणभर गाडीला धरून उभा राहिला, कारण त्याचे पाय लटपटत होते. दरडीवरून निसटणाऱ्या दगडाबरोबर वळणारे ते पाय. "मी आता बसायचो नाय," तो म्हणाला. "आज नाय, उद्या नाय. तुज्या संगं नाय." आणि रस्त्याखालच्या पायवाटेनं, मागे न बघता, वाडीच्या दिशेनं तो उतरत गेला. करवंदीच्या जाळ्या हलल्या आणि मग हलायच्या थांबल्या.

आबाजी दुसऱ्या मोटरीनं वर आले. उतरतानाच ओरडले, "काय मोडलं?" सुलेमाननं सांगितलं. एका वाक्यात सांगून झालं, त्यात काही अवघड नव्हतं. आबाजी त्याच्याकडे बघत राहिले. रागावतील असं त्याला वाटलं होतं. पण त्यांच्या तोंडावर हिशेब जुळत नसल्यासारखा भाव आला आणि तो का आला ते सुलेमानला लगेच उमगलं: आबाजींची मुलं गेल्या दिवाळीला पेणच्या मोटरीतून माथेरानच्या पायथ्यापर्यंत जाऊन आली होती, आणि चाकाशी सुलेमान होता. "सरक," एवढंच आबाजी म्हणाले.

रस्ता मोकळा करायला गाडी वर न्यायला हवी होती. आबाजी चाकाशी बसले आणि सुलेमान डावीकडे बसला. इतक्या वर्षांत तो कधी त्या जागी बसला नव्हता. दार होतं ते गुडघ्याएवढं. त्याच्यापलीकडे, मान वळवल्यावर, वीतभर रस्ता, आणि मग रस्ता नाही. खाली खोपोलीची कौलं, पॉवर हाऊसचे नळ, तळं, सगळं उन्हात बारीक बारीक पडलेलं. आबाजी अगदी हळू चालवत होते. तरी चाक काठाशी गेलं की खडी सुटून खाली घरंगळायची, तिचा आवाज येई आणि मग येत नसे. सुलेमाननं धरायला काही शोधलं. दाराच्या कडेला बोटं गेली तिथला रंग उडून पत्रा उघडा पडला होता, चार बोटांच्या रुंदीइतकाच, आणि घासून घासून गुळगुळीत झाला होता. त्यानं हात तिथं ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

वर नाक्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गाडी दुरुस्त झाली. कुणीतरी विचारलं, "काय झालं होतं?" आबाजी म्हणाले, "इंजिन तापलं." ते त्याची अब्रू झाकत होते की आपली, कोण जाणे. सुलेमान गाडीतून उतरला आणि म्हणाला, "इंजिन ठीक हाय. माझा डोळा गेलाय." टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. मग कुणीतरी त्याला मांडवातली खुर्ची आणून दिली, आजाऱ्याला देतात तशी. तो बसला. पुण्याची गाडी आली, पनवेलची आली. लोक पुढे धावत होते, परत येत होते, आणि त्याच्या खुर्चीला कुणाचाही धक्का लागत नव्हता. सगळे वळसा घालून जात होते. सकाळी याच लोकांनी त्याला मिठ्या मारल्या होत्या.

सोडतो म्हणणाऱ्यांना नको म्हणून तो पायीच घाट उतरला. ऊन कलत होतं. जिथून गोमा गेला होता तिथं तो पायवाटेला लागला. दोनदा ठेचकाळला, एकदा बसला. वाडीत कुत्री भुंकली. गोमाची बायको ठमी दारात नाचणी पाखडत होती. तिनं त्याला पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि आत निघून गेली. गोमा ओट्यावर बसला होता. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. सुलेमान त्याच्या शेजारी, मोकळी जागा होती तिथं, बसला. त्यामुळे गोमा त्याच्या डाव्या अंगाला आला. सवयच तशी होती दोघांची. काय बोलायला आलो हे सुलेमानला आठवेना. माफी मागावी तर ती कशाची, आणि उपकार मानावेत तर तेही कसले. खाली घाटातून परतणाऱ्या मोटारींचे आवाज येत होते आणि पातळ होत होते.

मग गोमा उठला. आता हा आत जाणार आणि आपल्याला उठावं लागणार, असं सुलेमानला वाटलं. गोमा त्याच्या समोरून गेला आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसला. सुलेमाननं त्याच्याकडे पाहिलं. एक वाळलेला, पिकलेला माणूस पाय सोडून बसला होता. त्याच्या तोंडावर आता भीती नव्हती. दुसरंही काही नव्हतं. तो समोरच्या डोंगराकडे बघत होता, आणि पुष्कळ दिवसांनी त्याला काहीच बोलायचं नव्हतं.